दिघेबाईंचे हात

दिघेबाई रागावल्या की त्यांचा आवाज चढत नसे, उतरत असे. इतका, की समोरच्याला वाकून ऐकावं लागे. मी एकदा म्हटलं, "बाई, जरा मोठ्यानं भांडा की!" तर म्हणाल्या, "कशाला? वाकू दे त्याला."

बडोद्यातल्या एका विद्यापीठात, नाव कशाला हवं, त्या हातमागावर विणायला शिकवायच्या आणि मी तिथली मदतनीस. माग पुसायचा, सूत उकलायचं. शाळा माझी सातवीत सुटली. पुढचं जे काही आलं ते बाईंच्या पाठीशी उभं राहून, बघून बघून.

माग एक आणि मुली चाळीस. पुढच्या पाचसहांना बाईंचे हात दिसत, मागच्यांना पुढच्यांच्या वेण्या. तेव्हा नव्या तंत्रानं शिकवून बघणाऱ्या प्राध्यापकांना विद्यापीठ छोटंसं अनुदान देऊ लागलं होतं. बाईंनी अर्ज लिहिला. मागावर टांगलेला कॅमेरा, भिंतीवर मोठा पडदा, आणि अवघड धडे मुलींच्या फोनवर. बाई हंगामी होत्या. हे काम नावावर लागलं असतं तर कायम होण्याची आशा होती.

अर्ज विभागप्रमुखांच्या सहीला गेला. ते म्हणाले, "हंगामी माणसाला कोण देणार? माझं नाव घालतो. काम तुम्ही करा. आपण काय परके आहोत?" मंजुरी आली ती साहेबांच्या नावानं. कागदपत्रांची चळत त्यांनी न वाचताच बाईंच्या टेबलावर ठेवली आणि वर बजावलं, "धड्यांत फक्त हात येऊ द्या. चेहरा नको, आवाज नको. अन् बांगड्या काढा."

बाईंनी बांगड्या काढून माझ्या हातात दिल्या आणि बारा धडे केले. माझा नुसता जळफळाट! "अहो, काहीतरी बोला!"

"सुमन, विरजण हलवायचं नसतं. लागू दे."

वर्षअखेर समिती आली. पडद्यावर बाईंचे हात तुटलेला धागा जोडत होते, आणि शेजारी साहेब "माझी पद्धत, माझी पद्धत" करत होते. धडा संपला तशा समितीतल्या एक गुजराती बेन हसून म्हणाल्या, "सरस! हवे साहेब, एक वार तमे हाथे करी बतावो ने." म्हणजे, आता एकदा तुम्ही स्वतः करून दाखवा. अनुदान ज्याच्या नावावर, त्यानं समितीपुढे स्वतः एक धडा द्यायचा, असा नियमच होता. शेवटच्या पानावर. बाईंनी तो पहिल्याच दिवशी वाचलेला.

साहेब मागावर बसले. दोन टोकं धरली, एक सुटलं. पुन्हा धरलं, दुसरं सुटलं. कपाळावर घाम. "दिघेबाई, जरा या ना."

बाई जागच्या हलल्या नाहीत. "नियमात बसत नाही, सर," म्हणाल्या. समितीतले पाचही जण वाकून ऐकत होते.

मग साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "सुमनबेन, तुम्ही तरी?"

ती गाठ मी डोळे मिटून मारते हो! पण हात पदराखाली घेतले आणि म्हटलं, "मला काय येतंय साहेब? मी सातवी नापास." आयुष्यात एवढी गोड थाप मी दुसरी मारली नाही.

अनुदान थांबलं, कॅमेरा परत गेला. मुलींचं नुकसान झालं, नाही कशाला म्हणू? बाईंनी पाचपाच जणींना पुढे बसवून एकच धडा आठआठ वेळा शिकवला. आणि साहेबांनी पुढे दरवर्षी बाईंची फाईल अडवली. हंगामी लागल्या, हंगामीच निवृत्त झाल्या. "पस्तावा होतो का?" मी विचारायची. "होतो. बेन हसल्या तेव्हा मी पण हसायला हवं होतं."

गेल्या वर्षी बाई गेल्या. शेवटचे दोन महिने मी बडोद्यातच, अकोट्याला त्यांच्या घरी होते. बेसण्याला, म्हणजे आपल्याकडे माणूस गेल्यावर लोक भेटायला येऊन बसतात ना, त्याला साहेब आले. पांढरा झब्बा, गुडघे धरत जिना चढलेले. फोटोला हात जोडून बराच वेळ बसले. निघताना दाराशी मला हळूच म्हणाले, "सुमनबेन, शेवटी तुम्हीच होतात जवळ. मला माफ केलं असेल ना त्यांनी?"

म्हातारा माणूस. 'हो' म्हणायला काय जात होतं माझं?

"नाही साहेब," मी म्हटलं. "आणि मीही नाही."

मग त्यांच्या चपला तेवढ्या सरळ करून दिल्या.