सराईतला उखाणा

परभणीच्या टेसनाच्या अलीकडं एक दगडी सराई होती. निजामाच्या अमदानीत तिथं वाटसरू उतरायचे. पोलीस ॲक्शन झाली, फौज मोडली आणि वाटसरूंच्या जागी शिपाई येऊन पडले. कुणाचा पाय गेलेला, कुणाचा डोळा, कुणाला दमा जडलेला. कुणी निजामाच्या रिसाल्यातला, कुणी इंग्रजांच्या पलटणीबरोबर ब्रह्मदेशात जाऊन आलेला. सगळ्यांत सारखी गोष्ट एकच होती, की त्यांना न्यायला कुणी येत नव्हतं. व्यंकटराव नावाचे डॉक्टर तिथला दवाखाना बघायचे, आणि डॉक्टर यायच्या आधी व गेल्यानंतर जे जे म्हणून करावं लागतं, ते सगळं केवळाबाई करायची. कागदोपत्री ती आया होती.

अंग पुसायचं, भांडी द्यायची आणि न्यायची, पट्ट्या उकळायच्या, अंथरुणाला खिळलेल्यांची कूस बदलायची, पाठीला जखमा पडू नयेत म्हणून तेल चोळायचं. हे काम नाकाला पदर लावून होत नाही. केवळाबाईनं पदर कधी लावला नाही. चारठाण्याकडच्या धनगराच्या घरातली ती, मेंढरांच्या लेंड्या झाडत मोठी झालेली. शिपाई तिच्यावर खेकसायचे, ती दुप्पट खेकसायची.

"वळा तिकडं. लढाई जिंकून आल्यावानी आखडू नगा. पाठ सडली की मंग मला हाका मारताव."

माणूस मुकाट्यानं वळायचा. तोफेला न भ्यालेली माणसं केवळाबाईच्या तोंडाला भ्यायची, आणि मला विचाराल तर त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं.

पण ती इथं पोटासाठी आली होती असं समजू नका. गावाकडं मेंढरं होती, दीर येडबा होता, भाकरीची ददात नव्हती. तिचा नवरा महायुद्धाच्या दिवसांत फौजेत गेला. भांडून नाही, गरजेनं नाही, नुसत्या हौसेनं गेला. पहिल्या वर्षी कुणाकुणाच्या तोंडी खुशालीचा निरोप यायचा, पुढं तोही थांबला. लढाई संपली. जगले ते परत आले, मेले त्यांच्या घरी खबर आली. हिच्या दारात दोन्हीतलं काहीच आलं नाही. सहा-सात वर्षं झाल्यावर येडबानं तिचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावून द्यायचं काढलं. धनगरांत ते चालतं, त्यात त्याचा काही वाईट हेतू नव्हता.

"माजं माणूस जितं हाय," ती म्हणाली.

"कशावरून?"

"मेलं म्हून कोन सांगितलंय?"

येडबानं पाटाचा विषय सोडला. शिपायांची सराई आहे असं ऐकून केवळाबाई परभणीला आली. इतक्या पलटणींतले इतके शिपाई, एखाद्यानं तरी आपल्या माणसाला पाहिलं असेल, असा तिचा हिशेब होता.

आता अडचण बघा. चौकशी करायची तर नाव सांगावं लागतं, आणि बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. घेतलं तर त्याचं आयुष्य उणं होतं, हे केवळाबाईच्या आईनं तिला सांगितलेलं. ज्याच्या आयुष्याचीच खात्री नाही, त्याच्या बाबतीत तर ती फारच जपायची.

"उंच हायेत," ती नव्या शिपायाला सांगायची, "भुवईवर खोक हाय. नाव खंडोबाचं हाय."

"खंडू?"

"न्हाई."

"मार्तंड?"

"न्हाई वो."

"म्हाळसा तर न्हवं?" हे पलीकडच्या खाटेवरून भुजंग दफेदार विचारायचा. रिसाल्यातला एका पायाचा माणूस, जिभेला मात्र दोन पाय. सगळी खोली हसायची. शेवटी कुणीतरी "मल्हारी?" म्हणायचं, ती मान खाली घालून हो म्हणायची, आणि समोरचा मान हलवून नाही म्हणायचा.

रोज सकाळी ती ठसठशीत कुंकू लावायची, पण स्वतःच्या हातानं. गल्लीत हळदीकुंकू असलं की तिला बोलावणं यायचं, सुपारी मिळायची, चार गोड शब्द मिळायचे. तिच्या कपाळाकडं बोट मात्र कुणाचं यायचं नाही, आणि "नाव घ्या" असंही कुणी म्हणायचं नाही. उखाणा घ्यावा तो सवाशिणीनं. ही सवाशीण की विधवा, कुणाला सांगता येणार? बायका दुष्ट नव्हत्या, भीत होत्या. केवळाबाईला ते कळायचं, आणि कळूनही लागायचं.

बावन्न साली थंडी सरता सरता एक दिवस भुजंग दफेदार दारातून ओरडला.

"केवळाबाई, आवो पळा! पिंगळीच्या टेसनावर एक शिपाई गावलाय. हातावर नाव गोंदलंय. मल्हारी!"

तिनं हातातलं आधणाचं भांडं तिथंच ठेवलं आणि धावली. तिला धावताना त्या सराईत कुणी कधी पाहिलं नव्हतं. बैलगाडीतून उतरवत होते तो माणूस बुटका होता, रुंद तोंडाचा, भुवया धड. केवळाबाई उंबऱ्यात खाली बसली. थोड्या वेळानं उठली आणि त्याच्या पायातले बूट सोडवायला लागली.

त्याचा ताप डॉक्टरांनी उतरवला, पण माणूस कुठंतरी हरवलेलाच राहिला. बोलत नव्हता, कुणाला ओळखत नव्हता, कोणत्या गावचा ते सांगत नव्हता. भुजंगनं फौजी आवाजात "मल्हारी!" म्हणून हाक दिली, तर तो ताडकन उठून ताठ उभा राहिला आणि उभ्या उभ्या त्याचं धोतर ओलं झालं. भुजंग वरमला. पुन्हा त्यानं तसं केलं नाही.

"पुरुषाचा आवाज त्याला फौजेतच नेतो," व्यंकटराव म्हणाले. "बाई, तुम्ही हाक मारा. रोज, जेवताखाता, मायेनं. नाव ऐकता ऐकता शुद्ध येते कधी कधी. महिनाभर बघू. नाहीच आली तर वेड्यांच्या दवाखान्यात धाडण्यावाचून माझा इलाज नाही."

"मला जमायचं न्हाई, साहेब."

"अहो, त्याचं नाव घ्यायचंय. नवऱ्याचं थोडंच घ्यायचंय?"

"एकच हाय," केवळाबाई म्हणाली.

व्यंकटराव शिकलेले, समजूतदार गृहस्थ. ते चष्मा पुसायला लागले. वेड्यांच्या दवाखान्यात गेलेला माणूस परत येताना केवळाबाईनं पाहिला नव्हता. नाव घ्यावं तर आपल्या माणसाच्या जिवाला धोका, न घ्यावं तर ह्याच्या. दोन दिवस ती कुणावर खेकसली नाही, तेव्हा सगळ्या खोलीला काळजी लागली.

तोड काढली ती भुजंगनंच. "उखान्यात घ्या की. उखान्यात घेतल्यानं कोन मरतंय? समद्या बाया घेतेत."

तो चेष्टेनं म्हणाला. तिनं खरं धरलं. दुपारी आंबिलीची वाटी घेऊन ती त्या माणसाच्या खाटेशी बसली, डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि लग्नात म्हणावं तसं ठसक्यात म्हणाली,

"ज्वारीची आंबील, त्यात ताकाची धार,
मल्हारी जेवायला बसले, लोटून घ्या दार!"

खोलीत कुणी हसलं नाही. त्या माणसानं तोंड उघडलं. भुकेनं उघडलं की कशानं, देव जाणे.

मग रोजच सुरू झालं. कडू औषधाला तो तोंड फिरवायचा, तेव्हा ती म्हणायची,

"मेंढरांच्या पुढं चालतंय बोकड,
मल्हारींचं नाव घेते, तोंड करू नका वाकडं!"

जुने उखाणे संपले तशी ती नवे जुळवायला लागली. अंग पुसताना एक, कूस बदलताना एक. पाणवठ्यावर लोकांत कुजबुज झाली, की सराईतली आया परक्या पुरुषाच्या नावानं उखाणे घेती. ती कानावर आल्यावरही केवळाबाई थांबली नाही. खरं सांगायचं तर तिला सुख लागलं होतं. इतकी वर्षं गिळून ठेवलेलं नाव आता दिवसातून पाच वेळा तोंडात येत होतं, तेही मोठ्यानं, चार माणसांत. समोर परका माणूस होता, पण उखाणा ती त्याच्यासाठी घेत नव्हती. उखाणा कुठं जात होता, ते तिचं तिला ठाऊक.

महिना भरत आला. एका सकाळी ती त्याच्या डोक्याला तेल लावत होती. उखाणा म्हणून झाला, आणि तो माणूस खुदकन हसला. घोगऱ्या आवाजात, अडखळत, पण यमक न चुकवता तो म्हणाला,

"देवगावच्या वाटेवर जोडचिंच,
भिवरा रुसून बसली, हलंना इंच!"

आणि त्यानं केवळाबाईचं मनगट धरलं. "भिवरा, आता तरी बोलशील का न्हाई?"

भुजंग दफेदार टाळी वाजवायला गेला आणि हात तसाच धरून बसला, कारण केवळाबाईच्या डोळ्यांत पाणी होतं. ती त्याच्या आडून आपल्या माणसाला हाक मारत होती, आणि तो तिच्या आवाजात आपल्या बाईला ऐकत होता. दोघंही चुकली होती. तिनं मनगट सोडवून घेतलं नाही.

"बोलती की," ती म्हणाली. "आंबील पिल्यावर बोलती."

देवगाव फाट्याकडं जाणाऱ्या गाडीवानाजवळ व्यंकटरावांनी निरोप धाडला. जोडचिंच सगळ्यांच्या ओळखीची निघाली, आणि चिंचेजवळच्या वाडीत भिवराबाईही निघाली. गडी सेलूला उतरायचा तो काही टेसनं आधीच पिंगळीला उतरला होता, एवढाच काय तो घोटाळा.

तिसऱ्या दिवशी भिवराबाई भावाला घेऊन आली. काळी, काटक, पन्नाशीकडं झुकलेली. सराईच्या दारापर्यंत भरभर आली आणि तिथंच थबकली. भाऊ आत गेला, ही जाईना. केवळाबाई बाहेर आली तेव्हा तिला कारण दिसलं. भिवराबाईचं कपाळ पांढरं होतं, हातात बांगडी नव्हती.

"पलटनीतल्या एकानं येऊन सांगितलं, गेले म्हून," भिवराबाई म्हणाली. "गावानं समदं केलं. बांगड्या फोडल्या, कुकू पुसलं. आता ह्या कपाळानं कशी जाऊ त्येंच्या म्होरं? जिता माणूस काय म्हनंल?"

तिनं कनवटीची पुरचुंडी सोडली. आत कुंकू होतं. वाटेत टेसनाजवळ घेतलं असावं.

"आपल्या हातानं लावायला धजत न्हाई. पुसलेलं कपाळ, सवाशिनीच्या हातानंच भरावं. तुमच्या कपाळाला हाय. तेवढं लावा, बाई."

केवळाबाईनं चिमूट घेतली आणि हात तिथंच राहिला. न बोलता लावलं असतं तर कुणाला कळणार होतं? परगावची बाई, कुंकू लावून घेऊन निघून गेली असती. पण आज त्या बाईला नवरा परत मिळत होता. तिच्या कपाळाला आपला संशयाचा हात लावायचा? उद्या काही बरंवाईट झालं तर? केवळाबाईला हे पेलेना.

"दुसरी कोनी बगा," ती म्हणाली. "माजं माणूस फौजेत गेलं ते आलं न्हाई. नऊ वर्स झाली. जितं हाय का न्हाई, मलाच ठाव न्हाई. हे कुकू मी मपल्या हातानं लावती. लोक मला लावत न्हाईत."

इतकं सरळ ती कधी कुणाशी बोलली नव्हती. येडबाशी नाही, स्वतःशीही नाही.

भिवराबाई आणखी एक पाऊल पुढं आली आणि कपाळ वाकवलं.

"समद्या गावाला लय खात्री हुती, माजा नवरा मेला म्हून," ती म्हणाली. "मला बी हुती. लावा तुमी."

केवळाबाईनं लावलं. कुंकू थोडं नाकावर सांडलं. भिवराबाईनं ते पुसलं नाही. तिनं पुरचुंडीत बोट बुडवलं आणि केवळाबाईच्या कपाळावर, सकाळच्या कुंकवावरच, पुन्हा दाबून लावलं. केवळाबाईला हुंदका आवरेना. ती भिंतीला धरून ढसाढसा रडली, आणि आत भुजंग दफेदार उगाच मोठ्यानं खोकत राहिला.

"नाव काय वो तुमच्या मालकाचं?" भिवराबाईनं विचारलं. "मी खंडोबाला नारळ ठिवीन त्येंच्या नावानं."

केवळाबाईला रडता रडता हसू आलं. "मला घेता यायचं न्हाई. आन् तुमाला बी यायचं न्हाई."

भिवराबाईला कळायला एक क्षण लागला. आतून घोगऱ्या आवाजात कुणीतरी "भिवरा!" म्हणून हाक मारत होतं. तिनं जाता जाता केवळाबाईचा हात दाबला.

"मंग असं करू," ती म्हणाली. "मी उखाना घीन तवा दोघांचं बी घेतलं म्हना."