दुखऱ्या हातातला चहा

आप्पा आलेल्या माणसाच्या दुखऱ्या हातातच चहाचा कप द्यायचे, तोही काठोकाठ भरून. उद्यमबागेतला फौंड्री कामगार असो की माझ्यासारखा शाळामास्तर, आधी चहा. तेव्हा त्यांची नजर आपल्या तोंडाकडे नसायची, खांद्याकडे असायची. "सांडू दे की. फरशी पुसायला मी हाय," म्हणायचे. पहिल्या दिवशी माझा अर्धा कप बशीत गेला.

आप्पांचं सगळं आयुष्य दवाखान्यात फिजिओथेरपी करण्यात गेलं. निवृत्तीनंतर खासबागेतल्या घराच्या पुढच्या खोलीत ते पेशंट बघत. खानापूर रस्त्यावर गाडीवरून पडलो तेव्हा माझा उजवा खांदा निखळला होता. बसवला, तरी पुढे दोनदा सटकला. तेव्हापासून मानेपासून पाठीपर्यंतचा स्नायू कायम आखडलेला. दर रविवारी एका मालिशवाल्याकडून चोळून घ्यायचो. दोन दिवस बरं वाटायचं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. फळ्यावर हात चालावा, एवढंच मला हवं होतं.

"त्या स्नायूवर राग काढू नगासा, मास्तर," आप्पा म्हणाले. "सांध्याचे बंध सैल पडल्यात. बिजागरी ढिली झालेलं दार त्यो एकटाच धरून हुबा हाय. त्याला चोळून झोपवलासा, तर दार कोण धरणार?"

मग व्यायाम. तळहाताने भिंत हलकेच ढकलायची, कोपर कुशीला चिकटवून रबरी पट्टी ओढायची. मोजायचं कानडीत, "ओंदु, एरडु, मूरु", आणि मध्ये बोललं की पुन्हा ओंदु. चोळणं बंद, हात खांद्याच्या वर नेणंही बंद. "आधी जोर येऊ दे. आखडणं मागनं सुटतंय."

तीन आठवडे काडीचा फरक पडला नाही. मी गुपचूप मालिशवाल्याकडून चोळून घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी खांदा इतका हलका वाटला की फळ्याच्या वरच्या कडेला सुविचार लिहायला हात उचलला. खांदा वर्गातच सटकला.

हात झोळीत घालून आप्पांकडे गेलो. त्यांनी चार शब्द सुनवावेत असं वाटत होतं. त्यांनी कप डाव्या हातात दिला. "उजव्याला रजा. झोळी सुटली की परत ओंदु."

"रागावला नाहीत?"

"रागावून खांदा घट्ट हुतोय व्हय?"

सात महिने भिंत ढकलली. एका शुक्रवारी संध्याकाळी ध्यानात आलं, आज मान चोळायला हातच गेला नाही. रविवारी आप्पांना सांगू म्हटलं. शनिवारी पहाटे ते गेले. हृदय बंद पडलं.

तिरडीला डावा खांदा दिला. उजवा द्यायची त्यांची परवानगी नव्हती. रडू आलं नाही. घरी येऊन अंघोळ केली, भिंतीला हात लावून दहापर्यंत मोजलं, जेवलो. आपल्याला काहीच कसं होत नाही, याची लाज वाटली. पुढचे दिवसही तसेच गेले.

तेराव्यानंतर आक्कांना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, भेटायला गेलो. त्यांनी आप्पांच्या सवयीप्रमाणे कप माझ्या उजव्या हातात दिला, काठोकाठ भरलेला. मी तो धरून बसलो. आक्का माझ्या खांद्याकडे बघत राहिल्या. थेंबही सांडला नाही.

आतल्या खोलीकडे तोंड करून त्या म्हणाल्या, "अवो, मास्तरांचा सांडला न्हाय बघा."

आत कोणी नव्हतं. मी चहा संपवला.