मोरीपर्यंतची हाळी

आमच्या घरापर्यंत बस जात नाही. बाजारकुणंगच्या वाटेवर ओढ्यावरची एक मोरी आहे, तिथं उतरायचं आणि पुढं रानातली चढण. लग्न होऊन मी बेळगावला आले, तरी माहेरी जाताना मोरीवर पाय टेकला की वर अंगणातून आईची हाळी यायची, "कू-ऊऊऊ! आलीस काय गो?" मी खालून ओ द्यायची आणि मगच पिशव्या उचलायची. लहानपणी उळवीच्या जत्रेत हरवले होते, तेव्हाही भोंग्यावर पुकारा व्हायच्या आधी तिच्या हाळीनंच मला शोधून काढलं. असला गळा!

गेल्या उन्हाळ्यात मोरीवर उतरले आणि वर सगळं चिडीचूप. पळतच वर गेले. आई चुलीपुढं बसलेली, त्या उकाड्यात अंगावर घोंगडं.

"घातली की गो हाळी," ती म्हणाली. "आयकू आली न्हाई व्हय?"

आवाज जड, घोगरा. तोंड सुजल्यागत. मला असा राग आला की बस्स, कुणाचा ते कळेना. दुसऱ्या दिवशी तिला धरून बेळगावला आणलं.

रक्त तपासलं. थायरॉइडचा आकडा सहाच्या आसपास आणि रिपोर्टवर छापलेली वरची हद्द साडेचार. खरं सांगू? मला आनंद झाला. माझ्या जावेला हेच झालं होतं. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, आणि थोड्याच दिवसांत बया पुन्हा घर डोक्यावर घ्यायला लागली! म्हणजे आईचंही दुखणं सापडलं, आता गोळी मिळणार आणि हाळी परत येणार. मनानं मी मोरीवर जाऊन उभीसुद्धा राहिले.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "ताई, घाई नको. थायरॉइडचं दुसरं हार्मोनही तपासलंय, ते चांगलं आहे. आणि ही हद्द ठरते कशी? धडधाकट माणसांचं रक्त तपासतात, बहुतेकांचे आकडे ज्यात बसतात त्याला नॉर्मल म्हणतात. वय झालं की आकडा थोडा वर सरकतोच. सत्तरी ओलांडलेल्या बाईला सहा हे नॉर्मल असू शकतं. उगाच गोळी दिली तर छातीत धडधडेल, हाडं ठिसूळ होतील. तीन महिन्यांनी परत बघू."

"अहो, पण हिचं नॉर्मल कुठलं?" मी जवळजवळ भांडलेच. "हिचा गळा ऐकला नाही तुम्ही!"

त्या चिडल्या नाहीत. "बऱ्या होत्या तेव्हा कधी रक्त तपासलं होतं?"

तपासतंय कोण! चालत्याबोलत्या बाईला सुई टोचून घ्यायला आमच्या रानातून कोण घेऊन येतंय?

ते तीन महिने मी देवाकडं उलटंच मागत होते. आकडा वाढू दे रे बाबा, गोळी मिळू दे. आणि आकडा उतरला. पाचावर आला. घशाच्या डॉक्टरांनीही आत बघून वयाकडंच बोट दाखवलं. आई खूश. "बघ, कायबी झालेलं न्हाई मला. म्हातारी झालोय, येवढंच." दवाखान्याच्या पायरीवर बसून मी ढसाढसा रडले. रिपोर्ट चांगला आला म्हणून रडणारी मीच पहिली असेन.

परवा पुन्हा माहेरी गेले. बस गेली, रान गप्प. मला ते सोसेना, म्हणून मीच ओरडले, "आये-ए-ए!" सवय नसलेला गळा मधेच फाटला. थोडा वेळ काहीच नाही. मग वरून ढणढण ढणढण! भातात शिरलेली डुकरं हाकलायला आम्ही पत्र्याचा डबा बडवतो ना, तो.

"मी काय रानडुक्कर हाय व्हय?" अंगणात पोचताच मी विचारलं.

हातात काठी, धाप लागलेली, आई बिनआवाजाचं हसत होती. "पोचला काय गो मोरीपतोर?"

"पोचला, आये."

"मग हितनं फुडं हाळी तू घालायची. मी डबा वाजवतो."

तसं आता ठरलंय. मोरीवर उतरले की मी हाळी घालते. पण डबा वाजेपर्यंतच्या तेवढ्या वेळात मी अजून तिच्या गळ्याचीच वाट बघते.