मर्जी कुणाची

भर वर्गात उभी राहून मी ‘अपनी मर्ज़ी’चा अर्थ सांगितला होता. “अपनी म्हणजे आपली, आणि आपली म्हणजे, बाईसाहेब, तुमची.” कुणी विचारलं नव्हतं. वर हातही जोडले.

बाईसाहेब आधी हसल्या. मग म्हणाल्या, “दगड फोडणाऱ्यांच्या डोक्यात दगडच. जा, चपलांपाशी बैस.”

गेले. दाराशी वारा येतो म्हणून खूशही झाले. नात विचारते, “आजी, तू इतनी भोली होतीस?” भोळी कसली गं, माठ होते.

पण आमच्या गावात मर्जी पाटलाची असायची, नाहीतर मुकादमाची. ती राखायची. ती फिरली की चूल बंद. आम्हाला भूक होती, खोकला होता. मर्जी नव्हती.

दुष्काळात मराठवाडा सोडून ग्वाल्हेरला आलो. पुरुष स्टेशनाजवळ पडाव भागात ट्रक भरायचे, आम्ही बाया रस्त्याची खडी फोडायचो. दौलतगंजात एका दुकानाच्या माडीवर बाईसाहेब आम्हाला फुकट हिंदी शिकवायच्या. जुन्या सरदार घराण्यातल्या. बोली मराठीच, पण आम्हाला पाणी वरून ओतायच्या. तरी मी त्यांच्या पाया पडायचे. लांबूनच, हात न लावता.

शिकवायच्या काय? ‘जी मालकिन.’ ‘गलती हो गई.’ ‘दोबारा नहीं होगा.’ घराचा रस्ता विचारायचं वाक्य कधी आलंच नाही. मला वाटे, पुढच्या धड्यात असेल.

वर्गातल्या दोघी दिल्लीला घरकामाला गेल्या होत्या. चांगली घरं आहेत, असं बाईसाहेब म्हणाल्या. निरोप एकीचाही नाही. मला दाराशी बसवलं त्या दिवशी माझी धाकटी जाऊ कौशी तिकडेच निघाली होती. नवरा मेल्यावर सासूला जड झालेली. गाठोडं मांडीवर घेऊन मधोमध बसली होती, आणि सगळा वर्ग तिच्याभोवती एका सुरात घोकत होता, ‘मैं अपनी मर्ज़ी से जा रही हूँ.’

दाराशी बसले म्हणून जिन्यातलं ऐकू आलं. बिडी ओढत एक माणूस खाली कुणाला तरी सांगत होता, “स्टेशन पे पुलिस पूछेगी तो बोल देगी. रटवा दिया है.”

तेवढी हिंदी मला येत होती. बाईसाहेबांचीच कृपा.

“तोंड का मिटलंस? म्हण,” बाईसाहेब म्हणाल्या.

मी उठले. “नहीं बोलूँगी. ये भी नहीं जाएगी.”

त्या ओरडल्या नाहीत. दाराकडे बघत हळूच म्हणाल्या, “या शहरात तुला ओळखतं तरी कोण?”

खरंच होतं. कुणीच नाही. जिन्यात पावलं वर यायला लागली. मी कौशीचा दंड धरला. मागं वळून पाहिलं तर बाकीच्याही उठल्या होत्या. हे कुणी शिकवलं नव्हतं. खडी फोडणाऱ्या बाया एकदम जिना उतरायला लागल्या की माणूस भिंतीला चिकटतो. तो चिकटला. आमची तोंडं मात्र एकेक करून बघून घेतली त्यानं.

महाराज बाड्याच्या चौकात, गर्दीत येईपर्यंत कुणी थांबलं नाही. तिथं कौशीनं गाठोडं खाली टाकलं. रडली नाही. म्हणाली, “आक्का, त्या दोघींना कुठं नेलं, हे हिंदीत कसं विचारायचं ते मला शिकव. मी चौकीत जाणार. हाकललं तरी रोज जाणार.”