पिशवीतला गोटा

हे लिहायला बसले तेव्हा ह्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "सगळं लिहिणार का?" मी म्हटलं, "हो, सगळं." त्यावर ते चहा टाकायला उठले. देवाने आपल्यासाठी काय केलं हे सांगताना माणसाचा आवाज आपोआप मोठा होतो. माझा होत नाही. माझ्या हकिकतीत कृपा आहे, पण तिच्याआधी माझी लाज आहे. लाज वगळून नुसती कृपा सांगितली तर ते खोटं होईल, आणि खोटं मी एकदा बोलून चुकले आहे.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. ह्यांच्या नोकरीमुळे गोंदियाला आलो आणि निवृत्तीनंतर इथेच राहिलो. ह्यांना मधुमेह, रोज इन्सुलिन घ्यावं लागतं. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला म्हणून ह्यांनी सायकल घेतली आणि ह्यांच्यावर लक्ष ठेवायला मी घेतली. वर्षभरात मीच पुढे गेले. मागे राहणं मला कशातच जमत नाही. पारायण बसलं तरी शेजारणीच्या आधी माझी पोथी मिटली पाहिजे, असला मेला माझा स्वभाव. पायडल मारताना नामस्मरण करायची सवय मी लावून घेतली होती, आणि खरं सांगते, त्या नामाचाच मला ताठा चढला होता. बाकीचे नुसती सायकल चालवतात, मी साधना करते, असं मनात यायचं. या चैत्रात मी जाहीर करून टाकलं की इकडच्या, गोंदिया जिल्ह्यातल्या प्रतापगडच्या महादेवाला सायकलनेच जायचं. हे म्हणाले, "ऊन तापलंय गं." मी म्हटलं, "देवाला जाताना ऊन बघतात का?"

पहिला मुक्काम बोदलकसाला केला. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता निघालो. चोरखमाऱ्याच्या तलावाजवळ एका टपरीवर पोहे घेतले. ह्यांनी सवयीने आधी इन्सुलिन घेतलं होतं. पुढची वाट जंगलातली, नाल्यांच्या घळींतून चढत-उतरत सडक अर्जुनीकडे जाणारी. चढावर सायकल जड लागते, म्हणून मी तिथेच बाकावर ह्यांची पिशवी उपसली. जादाचा टॉवेल, सुटी ट्यूब, पुस्तक, आणि तळाशी बिस्किटांचे दोन पुडे नि खडीसाखरेची पुडी. "हे कशाला वागवताय? अर्जुनीला हायवेवर ओळीने धाबे आहेत," असं म्हणत मी ते सगळं टपरीवाल्याकडे ठेवायला दिलं. ह्यांनी "खडीसाखर असू दे," असं एकदा म्हटलं. मी ऐकलं नाही. उलट "उठा आता, ऊन होईल," म्हणून पोहे अर्धे टाकायला लावून उठवलं. हे उठले. माझ्यापुढे ते नेहमीच उठतात.

पहिला मोठा चढ संपतो तिथे वळणावर दगडांचा एक ढीग आहे. वर बांबूला पांढरं फडकं, बाजूला शेंदराचं बोट लावलेला एक उभा धोंडा. देऊळ नाही, पायरी नाही. शेळ्या घेऊन बसलेले एक म्हातारे आम्हाला बघून म्हणाले, "गोटा ठेवून जा व बाई. ज्याचं त्याले जे जड झालं ते इथं ठेवते अन् मोकळा जाते." आमच्याकडे ज्याला दगड म्हणतात त्याला इकडे गोटा म्हणतात. ह्यांनी लगेच सायकल आडवी केली, एक दगड शोधला, पुसला, ढिगावर ठेवला आणि डोळे मिटून उभे राहिले. मी मनात म्हटलं, झालं, आता हे असले देवही सुरू. मी ठेवला नाही. म्हातारे शेळ्यांमागे गेले, हे डोळे पुसत पुढे निघाले, आणि तेवढ्यात मला ढिगात ती गारगोटी दिसली.

पांढरीशुभ्र, नारळाएवढी, वर गोलसर निमुळती. हुबेहूब पिंडी. मला वाटलं, महादेवाला निघालेय आणि वाटेतच महादेव भेटला. देवघरात ताम्हनात ठेवली तर कशी शोभेल, हेही लगेच दिसलं. आजूबाजूला कोणी नाही हे बघून घेतलं, उचलली आणि ह्यांच्याच पिशवीत जी रिकामी जागा मी सकाळी करून घेतली होती, तिथे... नाही, त्यांना कळलं असतं. माझ्या पिशवीत कोंबली. मूठभर खडीसाखर जड म्हणून मागे टाकणारी मी, हा एवढा धोंडा घेऊन निघाले. त्यावेळी यात काही चुकतंय असं मनाला शिवलंसुद्धा नाही. भक्तीच वाटली ती मला.

पुढच्या घळीत उतरून पुन्हा चढ लागला. हे मागे पडत होते. मी दोनदा ओरडले, "अहो, चला की!" तिसऱ्यांदा वळून बघितलं तर सायकल रस्त्यात आडवी आणि हे सागाच्या बुंध्याशी बसलेले. धावत गेले. अंग घामाने निथळत होतं, हात थरथरत होते, मला बघून भलतंच काही बोलत होते, आईला हाक मारत होते. साखर उतरली होती. मला ते चांगलं ठाऊक होतं, काय द्यायचं तेही ठाऊक होतं. गोड. फक्त चिमूटभर गोड. ते चोरखमाऱ्याच्या टपरीवर मी ठेवून आले होते. फोनला रेंज नाही. माझी पिशवी उपसली, तर हाताला तो धोंडा लागला. पाणी, पंप, स्तोत्राचं पुस्तक, धोंडा. ह्यांचे डोळे मिटायला लागले. इतकी वर्षं जपलेलं नाम त्या क्षणी तोंडात आलं नाही. आलं ते एवढंच, "अरे देवा, माझं काय करायचं ते कर, मी वाईट आहे, ह्यांना नको रे, ह्यांना नको." कुठल्या देवाला म्हटलं, तेही मला माहीत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी काही ठरवून मागितलं नाही.

आणि वरच्या झाडीतून एक बाई उतरली. माझ्याच वयाची असेल, डोक्यावर टोपली. "काय झालं व बाई? काऊन रडून राह्यली?" मी ओरडले, "साखर! गूळ! काही गोड आहे का हो?" ती म्हणाली, "साखर कुठली व? मोहफुलं हायेत." टोपली खाली ठेवली. पहाटे वेचलेली, रसरशीत, पिवळट मोहफुलं. तो वास मी जन्मात विसरणार नाही. मी मूठभर घेऊन पिळली, रस बोटाने ह्यांच्या हिरड्यांना चोळला, थोडा थोडा ओठांत सोडला. ह्यांनी घोट गिळला. मग अजून एक. ती बाई ह्यांचं डोकं मांडीवर धरून बसली आणि लहान पोराला म्हणावं तशी म्हणत होती, "गीळ बापा, गीळ. गोड हाय." जरा वेळाने ह्यांनी डोळे उघडले आणि मला विचारलं, "तू का रडतेस?"

ते जरा सावरल्यावर आम्ही सावलीत सरकायचं ठरवलं. बाईने माझी उघडी पिशवी उचलली. "अगं मायऽ, लय जड व," असं म्हणत आत बघितलं आणि गारगोटी बाहेर काढली. तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी काय म्हणावं? माझ्या नवऱ्याचं डोकं आत्ता आत्ता जिच्या मांडीवर होतं, तिच्या तोंडावर मी म्हणाले, "रस्त्यात सापडला." गारगोटीच्या एका अंगाला शेंदूर लागला होता. तो आम्हा दोघींनाही दिसत होता. हेही बघत होते. धरणी पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, ते काय असतं ते मला तेव्हा कळलं.

ती रागावली असती तर मी सुटले असते. ती रागावली नाही. पदराने तिने शेंदरावरची धूळ तेवढी पुसली आणि म्हणाली, "बरं झालं. माहे गुडघे लय दुखून राह्यले, म्हनून मी आज देवाले गोटा ठेवाले जाऊन राह्यली होती. नाहीतर माही वाट खालून हाय. मले गोटा पायजेच होता. हाच नेतो." मग टोपलीतली ओंजळभर फुलं ह्यांच्या रुमालात बांधून दिली, ती गारगोटी टोपलीत फुलांवर ठेवली, डोक्यावर घेतली आणि दुखऱ्या गुडघ्यांनी घळ ओलांडून ढिगाकडचा चढ चढायला लागली. माझं ओझं तिच्या डोक्यावर. "द्या, मी नेते," एवढंही माझ्या तोंडून फुटलं नाही. नावसुद्धा विचारलं नाही मी तिचं.

प्रतापगडला आम्ही गेलो नाही. मोहफुलं खात, सायकली हातात धरून, सावकाश सडक अर्जुनीला पोचलो. धाब्यावर हे जेवले, रंग परत आला. मी घास चिवडत बसले होते. शेवटी विचारलं, "तुम्ही तिथे गोटा ठेवलात, तेव्हा काय ठेवलंत? दुखणं?"

हे म्हणाले, "रागावू नकोस. तुझी घाई ठेवली."

मी रागावले नाही. धाब्यावरच्या ट्रकवाल्यांसमोर तोंडाला पदर लावून रडले. जे त्यांना जड झालं होतं ते त्यांचं दुखणं नव्हतंच, मी होते. आणि तरी ढिगाशी उभं राहून त्यांनी मला नाही, माझी घाई तेवढी खाली ठेवली.

पाऊस लागण्याआधी आम्ही दोघं पुन्हा त्या वळणावर गेलो. त्या बाईला शोधलं, भेटली नाही. मोहाचा हंगाम संपला होता. गारगोटी मात्र ढिगावर होती, शेंदराची बाजू वर करून ठेवलेली. मी वाटेत उचललेला एक साधा काळा दगड तिच्याशेजारी ठेवला. काय ठेवायचं ते घरून ठरवून गेले होते, पण तिथे हात जोडल्यावर ठरवलेलं काहीच आठवेना. त्या बाईचे गुडघे आठवले. मग ते बरे व्हावेत एवढंच मागितलं, आणि उभी राहिले. एवढी वर्षं मी देवापुढे माझी भक्ती मांडत आले. रिकाम्या हाताने उभं राहणं मला तिने शिकवलं, आणि तिला ते माहीतही नसेल.

किती वेळ गेला कोण जाणे. मागून हे म्हणाले, "चल गं, ऊन होईल."

मी म्हटलं, "होऊ दे."