तीन सुताची दुरुस्ती

माझ्या धाकट्या भावाच्या नावेचं इंजिन मी दुरुस्त केलं, तेव्हापासून ती नाव वल्ह्यांवर चालते.

गजानन रोहिणखेडजवळच्या धरणात मासे धरतो. मी चिखलीत गणित शिकवतो. (घरात एकाने तरी कोरडं राहावं, अशी आईची इच्छा होती.) त्या शनिवारी दुपारी मी त्याच्याकडे गेलो, तर तो पाण्यात जाळी सोडून आला होता आणि इंजिनाकडे बघत डोकं खाजवत होता. इंजिन ज्या बोल्टने नावेला घट्ट बसतं, त्याच्या भोकातले आटे झिजले होते. दोन-तीन आटे तेवढे जिवंत.

"उद्या सकाळी नऊले व्यापाऱ्याची जीप येते भाऊ. तोवर मासे काठाले नाही आले, तर सारे वाया जातीन. लेथवाल्याले बोलावतो."

"काऊन? आटे पाडायचं हत्यार मलकापुरात मिळते. मी आणतो."

भावजय रेखा हळूच म्हणाली, "भाऊजी, मागच्या साली तुमी आमचा पंखा दुरुस्त केला, तवापासून आमी अंगणात झोपतो."

मी दुर्लक्ष केलं. कंपासपेटीतल्या पट्टीने बोल्ट मोजला. पट्टीच्या एका बाजूने दहा एमएम, दुसऱ्या बाजूने तीन सूत आणि वर केसभर. (इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत. आमच्याकडे सुतारापासून नळवाल्यापर्यंत सगळे सुतातच बोलतात.) बोल्ट मात्र तिथेच ठेवला. माप घेतल्यावर वस्तूही सोबत न्यायची म्हणजे स्वतःवर अविश्वासच की!

"टॅप पाहिजे का डाय?" मलकापूरच्या दुकानदाराने विचारलं.

"दोन्ही द्या." (टॅप भोकाच्या आत आटे पाडतो, डाय सळईच्या बाहेरून, हे ज्ञान मला घरी आल्यावर झालं.)

"माप?"

"तीन सूत." सुतात बोललं की दुकानदार आपल्याला अनाडी समजत नाही.

"कायच्यासाठी?"

"नावेच्या इंजिनाले."

"मंग एमएमचं असन साहेब. बोल्ट आणला काय?"

"तीन सूतच द्या. मी गणिताचा मास्तर आहो."

त्या बिचाऱ्याने दोन्ही हत्यारं कागदात गुंडाळून दिली.

सकाळी सहाला मी टॅप भोकात घातला. पहिले दोन फेरे लोण्यासारखे गेले.

"पाह्य," मी म्हणालो.

तिसऱ्या फेऱ्याला तो अडला.

"भाऊ, जड चाल्लं काय?"

"नवं हत्यार आहे. धार लागून राह्यली."

मी दोन्ही हातांनी जोर केला. टॅप फिरला आणि उरलेले आटे बारीक तारेसारखे गुंडाळून बाहेर आले. आता बोल्ट आधी अर्ध्यात अडकायचा आणि दाबला की नुसताच फिरायचा. केसभर फरक मी शाळेत नेहमी सोडून देतो. इंजिनाने सोडला नाही.

साडेसात वाजले. गजाननने इंजिन उतरवून काठावर ठेवलं, एक वल्हं स्वतः घेतलं आणि दुसरं माझ्या हाती दिलं. त्याचं वल्हं पाण्यात जाई, माझं पाण्यावर आपटे. नाव जागच्या जागी गोल फिरू लागली.

"भाऊजी," काठावरून रेखा ओरडली, "जाळी तिकडं हायेत!"

तिसऱ्या गिरकीनंतर गजाननने नाव काठाला लावली. "भाऊ," तो अतिशय आदराने म्हणाला, "जरा उतरता काय?"

रेखाने पदर खोचला, माझ्या हातातलं वल्हं घेतलं आणि नाव सरळ निघाली.

व्यापाऱ्याची जीप परत निघता निघता मासे काठाला लागले. त्या कामात माझा वाटा किती, असं कोणी विचारलं तर मी उगाच विनय दाखवत नाही. ऐन मोक्याच्या वेळी मी उतरलो होतो.