अठरावं पान

स्क्रीनवर निळा रोलर सावकाश फिरत होता आणि त्याच्या अंगावर वेल उगवत होती. पान, देठ, पान, देठ. मी किती वेळ बघत बसले होते कोण जाणे. भान आलं ते मालकांच्या आवाजाने.

"झोपलीस व्हय गं? कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं ते सांग की!"

शिरोलीच्या वर्कशॉपमध्ये मी सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनची, प्रोग्रॅमर आहे. आमच्या धातू कोरणाऱ्या मिलिंग मशीनला नुकताच चौथा अक्ष बसवला होता. साध्या मशीनवर काम तीन दिशांना चालतं : डावी-उजवी, पुढे-मागे, वर-खाली. चौथ्या अक्षामुळे जॉब, म्हणजे मशीनवर लावलेली वस्तू, स्वतःभोवती फिरतो, म्हणून रोलरवर सगळीकडून नक्षी कोरता येते. कटरने कुठून कसं जायचं ती वाट आखून देतं ते कॅम सॉफ्टवेअर. दोन सॉफ्टवेअर ट्रायलला आली होती. त्यातलं एक तर माझ्या स्वप्नातही फिरायचं.

त्यात एकच पान काढायचं. बाकीची ते आपणहून सारख्या अंतरावर रोलरभर मांडायचं. दुसरं अगदी रटाळ. त्यात आख्खी वेल आधी सपाट काढायची, मग ते ती कागदासारखी रोलरला गुंडाळणार. काढण्यातच दोन दिवस जायचे.

पहिलं काम हुपरीचे चांदी-कारागीर बाबालालचाचा यांचं होतं : त्यांच्या जुन्या रोलरसारखा नवा रोलर. चांदीची पट्टी रोलरखालून दाबून काढली की तिच्यावर वेल उठते आणि तिचे पैंजण होतात. चाचांनी तरुणपणी तो जुना रोलर छिन्नीने कोरला होता. आता तो झिजला होता, आणि चाचांना छिन्नीचं टोक दिसत नव्हतं. नवा रोलर जमला नाही तर ही वेल त्यांच्याबरोबरच संपणार होती. ते हे अगदी सहज सांगायचे, मला मात्र ऐकवत नसे.

मी जुना रोलर मोजला. अठरा पानं. सतरा सारखी, अठरावं अरुंद, चेंगरलेलं. हाताचं काम, चुकलं असेल. मी ते दुरुस्त करून टाकलं. वीस अंशांवर एक, अशी अठरा समान पानं. माझ्या लाडक्या सॉफ्टवेअरने दुपारपर्यंत पितळी रोलर उतरवून दिला.

चाचांनी तो मांडीवर घेतला, डोळे मिटले आणि अंगठ्याचं नख वेलीवरून फिरवलं. एकदा, मग पुन्हा.

"जमलंय न्हवं?" मालकांनी विचारलं.

"झ्याक हाय. पर ही माझी वेल न्हाय."

मी वैतागलेच. मायक्रॉनमध्ये मोजलेलं काम, आणि हे नखाने तपासणार! "चाचा, काय चुकलंय ते तरी दाखवा."

"चुकलं काय बी न्हाय, पोरी. तेच म्हणतोय. बारकं पान कुठं गेलं? गिऱ्हाईक आधी ते हुडकतंय, मग म्हणतंय, बाबालालचा माल हाय."

मला कुठे तोंड लपवू असं झालं. मी त्यांची सही खोडली होती.

सतरा सारखी आणि एक वेगळं, असं त्याच सॉफ्टवेअरला करायला लावलं. केलं त्याने, पण अरुंद पान जिथे जोडलं तिथे देठाला पायरी राहायची. नखाला ती लगेच लागायची. दोन दिवस आख्खी वेल काढून रटाळ सॉफ्टवेअरला दिली. त्याने ती सलग गुंडाळली.

"एका वेलीला दोन दिस?" मालक कुरकुरले.

"दोन दिवस," मी म्हणाले. ते रटाळ सॉफ्टवेअरच घेतलं.

या वेळी चाचांचं नख फिरता फिरता बारक्या पानावर थांबलं.

"हितं हुतो बघ," ते म्हणाले. "एका पानाची जागा उरलीती, आन् थोरली लेक झाल्याचा निरोप आला. घाईत कसंबसं दडपलं आन् घरला पळालो."

तेव्हापासून माझा एक नियम आहे. सॉफ्टवेअर निवडण्याआधी जुना जॉब नीट मोजायचा. त्यात चूक सापडली, तर ती दुरुस्त करण्याआधी कुणाची आहे ते विचारायचं.